विहिरीतला पाव आणि बेबिंकाचे थर

इतिहासाच्या व्याख्यानाला म्हणून आलेल्या श्रोत्यांपुढे आम्ही आज पाव आणि बेबिंक ठेवणार आहोत, हे ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. इतिहास म्हणजे लढाया, तह आणि वंशावळी, अशी आपली समजूत असते, आणि स्वयंपाकघर हा बायकांचा प्रांत असल्यामुळे त्याची बखर कोणी लिहीत नाही. परंतु राज्यकर्त्यांनी आणि धर्माधिकाऱ्यांनी मात्र स्वयंपाकघराकडे कधीच दुर्लक्ष केलेले नाही. कोणाच्या भांड्यात काय शिजते आणि कोणाच्या हातचे कोण खातो, यावर त्यांची नजर नेहमी राहिलेली आहे. तेव्हा ज्या गोष्टीची सत्तेने इतकी दखल घेतली, तिची दखल आपणही तासभर घ्यायला हरकत नसावी.

गोव्याच्या माणसाला त्याच्या गावची ओळख विचारली, तर तो देवळे, चर्च, समुद्र यांची नावे घेईल; पण जरा ओळख वाढली की गाडी पावावर आणि बेबिंकावर येते. "आमच्या पदेराचा पाव तुम्ही खाल्ला नाही, तर गोव्याला येऊन काय केलेत?" असे आम्हांला मडगावास एका गृहस्थांनी विचारले होते. गृहस्थ हिंदू होते, घराच्या अंगणात तुळस होती, आणि त्यांच्या बोलण्यातला अभिमान अगदी खरा होता. आमच्या मनात तेव्हा एक जुनी आठवण जागी झाली. आमच्या लहानपणी आजी पाव चुलीजवळ येऊ देत नसे. घरात कोणी आजारी पडले आणि डॉक्टरांनी दूधपाव सांगितला, की तो पाव मागच्या दाराने यायचा, वेगळ्या बशीत ठेवला जायचा आणि ती बशी पुन्हा फडताळात जात नसे. कारण विचारले, तर ती विहिरीची गोष्ट सांगे.

ती गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. पाद्री रात्री गावात आले, त्यांनी गावच्या विहिरीत पाव टाकला. सकाळी बायका पाणी भरून गेल्या, घरोघर ते पाणी प्याले गेले, आणि मग कळले की पाण्यात पाव होता. गाव बाटला! ही कथा गोव्यात सांगतात, वसईकडे सांगतात, मुंबईच्या बेटांवरही सांगत असत. दर वेळी विहीर निराळी असते. एकच कथा जेव्हा इतक्या विहिरींची होते, तेव्हा ती एखाद्या घटनेची नोंद नसून एका भीतीची नोंद असते, असे आम्हांस वाटते. परंतु तिच्यात एक बारकावा आहे, तो सहसा कोणी लक्षात घेत नाही. पाव टाकणारा परका होता, हे खरे. पण 'गाव बाटला' हा निकाल देणारा तो नव्हता. तो निकाल शेजारच्या गावाने दिला, नात्यागोत्याने दिला. पाण्यात पाव भिजला एवढ्यावर माणसांना परत न घेणारे आपलेच लोक होते. ही गोष्ट आमच्या आजीने कधी या बाजूने सांगितली नाही.

आता पाव आला कोठून, ते पाहू. 'पायांनी तुडवतात म्हणून पाव' असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते, आणि त्यामुळे पुष्कळ सोवळ्या घरांनी नाक मुरडलेले आहे. या व्युत्पत्तीला काही आधार नाही. पोर्तुगीज भाषेत भाकरीला जो शब्द आहे, त्याचा उच्चार 'पांव' असा सानुनासिक होतो. आपला पाव तोच. भाजणाऱ्याला त्या भाषेत 'पादेरु'सारखे काही म्हणतात, त्याचा कोकणीत 'पदेर' झाला. बिस्कूट, बटाटा, कोबी, काजू, पगार हे शब्दही त्याच गलबतांतून उतरले आणि आपल्या घरात इतके रुळले की त्यांचे मूळ आता कोणी विचारीत नाही. पावाचे मात्र विचारले गेले.

अफोन्सो दि आल्बुकेर्कने १५१० साली तिसवाडी घेतली. पुढे १५४३ साली बारदेश आणि साष्टी हे तालुके पोर्तुगीजांकडे गेले. या लोकांचे अन्न गव्हाचे. नुसते पोटासाठी नव्हे, तर त्यांच्या उपासनेतही गव्हाच्या पिठाची भाकरी लागे. गोव्याच्या खाजणात भात पिकतो, गहू नाही. तो बाहेरून समुद्रमार्गे किंवा घाट उतरून यावा लागे. दुसरी अडचण पीठ फुगवण्याची होती. युरोपातले खमीर इथे कोठून आणायचे? तिचा उलगडा गोव्याच्या माडाने केला. माडाची सूर, म्हणजे ताडीसारखा तो गोडसर आंबणारा रस, पिठात घातली की पीठ फुगते. रेंदेराने पहाटे माडावरून उतरवलेली सूर पदेराच्या परातीत गेली आणि गोव्याचा पाव जन्मला. रीत परक्याची, गहू परमुलखाचा, पण त्याला फुगवणारा जीव इथल्या मातीचा! आज बहुतेक ठिकाणी सुरेची जागा विकतच्या यीस्टने घेतलेली आहे, आणि जुनी माणसे पावाची चव गेली म्हणून हळहळतात, ती उगाच नव्हे.

या कामात जे लोक पडले, ते बहुतेक साष्टीचे ख्रिस्ती झालेले गावकरी. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी हा धंदा सांभाळला. मातीच्या घुमटाकार भट्टीत लाकडे पेटवायची, भट्टी तापली की निखारे बाजूला ओढायचे, आणि तापलेल्या जमिनीवर लांब फळीने पाव सरकवायचे. पाव एकच नव्हे. मऊ चौकोनी पाव निराळा. कडक सालीचा, गोल उंडो निराळा. कोंडा भुरभुरलेली, आतून पोकळ पोई निराळी. आणि चहात बुडवून खायचे बांगडीसारखे कडक कांकण निराळे. पूर्वी पदेर हातातली खुळखुळणारी काठी आपटत वाडीतून येई. पुढे सायकल आली आणि तिच्या रबरी भोंग्याचा पों-पों आवाज हे गोव्याच्या पहाटेचे घड्याळ झाले. याच गोव्याचे पाववाले मुंबईस गेले आणि तिथल्या भट्ट्यांना त्यांनी हात दिला. त्यांच्यामागून इराणी आले. मुंबईचा गिरणी कामगार ज्या पावावर दिवस काढी, आणि १९६०च्या दशकात दादरला ज्या पावात बटाटेवडा शिरला, त्या पावाच्या वंशवेलीत साष्टीचा पदेर आहे.

परंतु हा सगळा प्रवास गोडीगुलाबीचा नव्हता, हे विसरून चालणार नाही. गोव्यात १५६० साली धर्मन्यायालय स्थापन झाले. मधली थोडी वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत चालले. नवख्रिस्ती माणूस मनाने जुन्या धर्मात राहिला आहे काय, याचा शोध घेणे हे त्याचे काम. हा शोध कोठपर्यंत जावा? १७३६ साली निघालेल्या एका लांबलचक फर्मानात नवख्रिस्त्यांना कोणकोणत्या गोष्टी वर्ज्य आहेत, त्यांची यादी आहे. त्यांनी धोतर नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये, घराशी तुळस लावू नये. आणि भात शिजवताना मीठ घातल्यावाचून शिजवू नये, कारण अळणी भात शिजवून वरून मीठ घेणे ही हिंदूंची चाल! श्रोतेहो, एक न्यायालय माणसाच्या भाताच्या तपेलीत मीठ आहे की नाही, हे पाहते, याचा अर्थ काय? याचा अर्थ असा की त्या काळी धर्म देवळात किंवा चर्चमध्ये जितका होता, तितकाच तो चुलीवर होता, आणि दोन्ही पक्षांना ते मान्य होते. एका पक्षाने पाव पाहून माणूस बाहेर काढला, दुसऱ्या पक्षाने अळणी भात पाहून माणूस पकडला. मधल्या मध्ये सापडला तो गरीब गावकरी.

हे सारे गोव्यात झाले, आपण देशावरचे शहाणे लोक, असे कोणी म्हणेल, तर त्याला आम्ही पुण्याला नेऊ. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली; आज गावोगाव आपण ज्या व्याख्यानमाला भरवतो, त्यांची ती थोरली बहीण. त्याच रानड्यांवर पंधरा वर्षांनी बिस्किटांचे बालंट आले. १८९० साली गोपाळराव जोशी यांनी पुढाकार घेऊन पंचहौद मिशनमध्ये शहरातील बड्या मंडळींना व्याख्यानाला बोलावले. तिथे चहा आणि बिस्किटे पुढे आली. कोणी प्याले, कोणी नुसता पेला हाती धरला. पुढे उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात झळकली, आणि एकच गहजब उडाला. रानडे, टिळक, गोखले यांसारखी माणसे त्या यादीत! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, वाद वर्ष-दोन वर्षे चालला. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली घरच्या आणि स्नेह्यांच्या अडचणी पाहून प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचा रोष पत्करला. ज्या माणसांनी देशाचा संसार मांडला, त्यांना एका बिस्किटाचा जाब द्यावा लागला. गोव्याची विहीर आणि पुण्याचा पेला यांत अंतर पुष्कळ आहे. पण दोन्हींत बुडालेली वस्तू भट्टीतलीच होती.

आता बेबिंकाकडे वळू. पाव हा रोजचा, बेबिंक सणाचे. नाताळात, लग्नात, मोठ्या पाहुण्याला. नारळाचे घट्ट दूध, अंड्यांचा पिवळा बलक, साखर, मैदा, तूप आणि जायफळ एवढेच साहित्य. खरे काम ते रचण्याचे आहे. भांड्यात तूप सोडून डावभर पीठ ओतायचे आणि वरून आच देऊन ते तांबूस होईतो भाजायचे. मग पुन्हा तूप, पुन्हा डावभर पीठ, पुन्हा आच. अशा रीतीने एकावर एक थर चढतात. सात तरी हवेत, हौस असेल तर सोळापर्यंत जातात. आच वरून हवी, म्हणून जुन्या रीतीत झाकणावर सोडणांचे निखारे ठेवतात. निखारे जास्त झाले तर थर करपतो, कमी झाले तर खालच्याला चिकटतो. घाई केली की सगळेच बिघडते. अर्धा दिवस एका बाईने चुलीपाशी बसून राहायचे, तेव्हा ते फिकट-तांबूस पट्ट्यांचे बेबिंक तयार होते. एका वृद्ध ख्रिस्ती बाईंना आम्ही विचारले, "माय, थर किती करता?" त्या हसून म्हणाल्या, "पीठ संपले की थर संपले, पुता. मोजायला वेळ कोणाला असतो?"

मोजणारे मात्र होते. बेबिंकाची एक आख्यायिका गोव्यात सर्वत्र सांगतात. जुन्या गोव्यात सांता मोनिका नावाचा मठवासिनींचा मठ आहे. १६०६ साली त्याची उभारणी सुरू झाली आणि १६२७ साली ती पुरी झाली. तिथे कपड्यांना खळ करण्यासाठी अंड्यांचा पांढरा भाग वापरीत आणि बलक उरत. बेबियाना नावाच्या मठवासिनीने त्या उरलेल्या बलकांचा सात थरांचा पदार्थ केला; सात थर म्हणजे लिस्बनच्या सात टेकड्या. पाद्र्यांना तो लहान वाटला, म्हणून थर वाढवण्यात आले. आख्यायिका गोड आहे, आणि तिचा निम्मा भाग खऱ्याच्या जवळचा आहे. पोर्तुगालच्या मठांत अंड्यांचा पांढरा भाग इतर कामी जाऊन उरलेल्या बलकांची आणि साखरेची पक्वान्ने होत, ही प्रसिद्ध गोष्ट आहे. मिठाईतला त्यांचा हात इकडेही नावाजलेला होता. सतराव्या शतकात बंगालमध्ये गेलेल्या बर्निये या फ्रेंच प्रवाशाने तिथल्या पोर्तुगीजांच्या मिठाईच्या कौशल्याची आवर्जून स्तुती केलेली आहे.

पण बेबियानाच्या नावावरून बेबिंक झाले, हे मान्य करणे कठीण आहे. कारण हे नाव एकट्या गोव्याचे नाही. पोर्तुगीजांनी १५५७च्या सुमारास ज्या मकाव बंदरात वस्ती केली, तिथे बेबिंक नावाची दुधाची गोड वडी आहे. मकावने ते नाव वादळांच्या यादीतही देऊन ठेवले, आणि २०२४ साली शांघायवर आदळलेल्या वादळाचे नाव बेबिंका होते! फिलिपाईन्स बेटांवर 'बिबिंका' आहे. ती तांदळाच्या पिठाची, नारळाची, केळीच्या पानावर थापलेली, आणि नाताळापूर्वीच्या पहाटेच्या प्रार्थनेनंतर लोक ती गरमगरम खातात. ती भाजतात कशी? खाली निखारे आणि वर निखारे. इंडोनेशियात डच अमदानीतले एक पक्वान्न आहे. त्याचेही असेच थरावर थर वरच्या आचेवर भाजतात. आणि दूर कशाला जावे? आपल्या कोकणातले काकडीचे धोंडस आठवा. काकडीचा कीस, तांदळाचा रवा, गूळ, आणि पातेल्याच्या झाकणावर निखारे. ज्या आजीने पाव चुलीजवळ येऊ दिला नाही, तीच आजी श्रावणात वरखाली निखारे ठेवून धोंडस भाजीत होती. तिला कोणी सांगितले असते की हीच कला मनिलापासून मडगावापर्यंत चालते, तर ती म्हणाली असती, "मग त्यांना आमच्याकडून शिकायला सांगा!"

यावरून काय ठरते? बेबिंक गोव्याचे नाही असे ठरते काय? मुळीच नाही. नाव समुद्रावरून आले असेल, बलक आणि साखर यांची आवड मठातून आली असेल. नारळाचे दूध आणि सोडणांचा निखारा इथला. पण हे सगळे एकत्र आणून त्यावर अर्धा दिवस घालवण्याचा निश्चय गोव्याच्या बाईने केला, आणि तो शेकडो वर्षे मोडला नाही. सांता मोनिका मठातली शेवटची मठवासिनी १८८५ साली वारली. बेबिंक मागे राहिले ते घराघरातल्या हातांमुळे. गावाचा पदार्थ गावाचा ठरतो तो त्याच्या जन्मामुळे नव्हे, तर त्याच्या सांभाळामुळे, असे आमचे मत आहे. पुण्याच्या श्रूजबरी बिस्किटांचेच पाहा. श्रूजबरी हे इंग्लंडातले गाव. पण पुणेकर परगावी जाताना लष्करातल्या बेकरीतून तो डबा नेतो, तेव्हा आपण पुण्याची वस्तू नेत आहोत, याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नसते.

आता कायद्यानेही या अभिमानाची दखल घेतली आहे. विशिष्ट प्रदेशाच्या मालाला भौगोलिक मानांकन देण्याचा कायदा आपल्याकडे १९९९ साली झाला आणि २००३ पासून अमलात आला. गोव्याच्या काजूच्या फेणीला ते मानांकन २००९ साली मिळाले आणि बेबिंकाला २०२३ साली. हे योग्यच झाले. या मानांकनाचा एक विशेष असा की ते एका दुकानदाराच्या मालकीचे नसते. त्या प्रदेशातल्या सर्व करणाऱ्यांचे असते. मात्र कागदावरचा शिक्का निखारे फुंकू शकत नाही. पदेराची मुले आज परदेशी जातात, जहाजावर जातात, कचेरीत जातात. पुष्कळ भट्ट्या आता बाहेरून आलेल्या कारागिरांच्या हाती आहेत. यावर गोव्यात काही लोक नाक मुरडतात. त्यांना आम्ही इतकेच विचारू इच्छितो की पहाटे दोनला उठून भट्टी पेटवणारा माणूस जर गोव्याचा नसेल, तर मग गोव्याचे कोण? ज्या पावाने एकदा 'आत कोण, बाहेर कोण' हे ठरवण्याचे काम केले, त्याच्यावर ते काम पुन्हा लादू नये.

कारण गोव्याच्या सामान्य माणसाने तो प्रश्न केव्हाच सोडवला आहे. मडगाव, म्हापसा, पणजी यांपैकी कोठेही सकाळी हिंदूंच्या उपाहारगृहात शिरा. पुढ्यात पातळ भाजी येते आणि बरोबर पदेराचा गरम पाव येतो. नाताळात ख्रिस्ती घरातून शेजाऱ्यांकडे फराळाचे तबक जाते. त्यात बेबिंक असते, दोदोल असते. आणि शेजारी नेवऱ्या असतात. नेवरी म्हणजे आपली करंजीच! जी धर्मन्यायालयाच्या अडीच शतकांत चोळी आणि तुळस यांच्याबरोबर लपून राहिली आणि येशूच्या जन्मोत्सवात उघडपणे तबकात येऊन बसली. चवथीला तेच तबक हिंदूंच्या घरून नेवऱ्या घेऊन परत जाते. रिकामे तबक परत करू नये, ही दोन्ही घरांची रीत. १९६१ साली डिसेंबरच्या १९ तारखेला गोवा मुक्त झाला. सत्ता गेली, फर्माने तर आधीच गेली होती. तबकांची ये-जा मात्र थांबली नाही.

आमच्या आजीने शेवटपर्यंत पाव खाल्ला नाही, आणि त्यासाठी आम्ही तिला दोष देत नाही. तिच्या भीतीला तीन-चारशे वर्षांची कारणे होती. पण मडगावच्या त्या गृहस्थांच्या घरी, अंगणातल्या तुळशीजवळ बसून आम्ही पहाटेचा उंडो चहात बुडवून खाल्ला, तेव्हा आमच्या मनात आले की त्या जुन्या विहिरीचा निकाल बदलायला न्यायालय लागले नाही, चळवळ लागली नाही. रोज पहाटे दाराशी येणारा एक माणूस आणि दार उघडून टोपली पाहणारी एक बाई, एवढ्यांनी तो बदलला. इतिहासाच्या पुस्तकात या दोघांची नावे नाहीत. निदान आजच्या व्याख्यानात त्यांचा उल्लेख व्हावा, एवढ्यासाठीच हा विषय आम्ही घेतला होता.